सर्वांत लहान पक्षाकडे जमिनीचं खातं



गेल्या पंधरवड्यात पाच पाड्यांवर बैठका झाल्या. झोडणी संपली, भात कणगीत गेलं, म्हणून माणसं बऱ्यापैकी जमली. विषय एकच. १९९० च्या फेब्रुवारीअखेर विधानसभेची निवडणूक आहे, आणि डाव्या-पुरोगामी पक्षांच्या आघाडीत आपल्या भागातली जागा एका लहान समाजवादी पक्षाला सुटेल असं कानावर आहे. त्या पक्षाचे दोन कार्यकर्ते येऊन गेले. जमिनीवर बसले, कोरा चहा प्याले, प्लॉटचं विचारलं. माणसं चांगली वाटली. पक्षाचं नाव आम्ही इथे लिहीत नाही. एक तर जागावाटप अजून पक्कं नाही, आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की सगळं बोलणं नावावरच अडकतं.

एका बैठकीत एका म्हाताऱ्या बायने सरळ विचारलं, “तुमचे आमदार किती?” कार्यकर्ता म्हणाला, थोडेच आहेत. तेव्हा बाय म्हणाली, “मंग मोठ्यालाच मत दिलेलं काय वाईट? घरात लहान भावाच्या हाती कधी चावी असते का?”

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घरी परतताना वाटेत कुणीच फार बोललं नाही, कारण प्रश्न खरा होता. आपल्यातले काही म्हणतात, मोठ्या पक्षाला मत द्या, निदान रस्ता तरी होईल. काही तरुण म्हणतात, कुणालाच नको, मतपेटीवर बहिष्कार टाका. काही म्हणतात, लहान पक्षाचा माणूस प्रामाणिक आहे, तेवढं पुरे. आम्हाला यातलं एकही बोलणं पुरं वाटत नाही. म्हणून या अंकात एका दूरच्या देशाची हकीकत सांगतो. तिथे आघाडीतल्या सर्वांत लहान पक्षांपैकी एकाच्या हाती खरोखरच चावी आली होती, आणि ती चावी नेमकी आदिवासींच्या जमिनीच्या खात्याची होती.

देशाचं नाव चिली. पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, दक्षिण अमेरिकेत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधे लांबच लांब चिंचोळी पट्टी, आपल्या कोकणासारखीच. फक्त लांबी चार हजार किलोमीटरच्या वर. त्या पट्टीच्या दक्षिणेला मापुचे नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या भाषेत मापु म्हणजे जमीन आणि चे म्हणजे माणसं. जमिनीची माणसं. त्यांच्यातले डोंगरातले लोक पेहुएन नावाच्या झाडाच्या बिया साठवून हिवाळा काढतात. आपल्या मोहासारखंच त्या झाडाला ते मानतात.

स्पेनच्या राजाला मापुचे शेकडो वर्षं पुरते हरले नाहीत. हरवलं ते स्वतंत्र चिलीच्या फौजेने, १८८३ च्या सुमाराला. मग सरकारने १८८४ पासून १९२९ पर्यंत त्यांना ‘मेहेरबानीचे पट्टे’ दिले. ज्यांचा सगळा मुलूख, त्यांनाच मेहेरबानी! पट्टे तीन हजारांच्या आसपास, सगळी मिळून जमीन सुमारे ५ लाख हेक्टर. बाकीची लिलावाने आणि वसाहतीच्या नावाखाली बाहेरून आलेल्यांना गेली. पट्टा सगळ्या कुळाचा मिळून, सामाईक. पण पट्ट्यातली जमीनसुद्धा सुखाने राहू दिली नाही. शेजारचा जमीनदार दरवर्षी तारेचं कुंपण थोडं थोडं आत सरकवायचा. कोर्टात जावं तर वकील त्याचा, मोजणीदार त्याचा. गवतापायी आणि अंगठ्यापायी आपल्या आज्यांच्या जमिनी कशा गेल्या हे ज्यांनी ऐकलंय, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

आता आघाडीचं. चिलीत डाव्यांचा पुढारी होता साल्वादोर आयेंदे. धंद्याने डॉक्टर, समाजवादी पक्षाचा. १९५२, १९५८ आणि १९६४ अशा तीन वेळा तो अध्यक्षपदासाठी उभा राहिला आणि पडला. त्यातली १९५८ ची हार ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेव्हा तो सुमारे ३३ हजार मतांनी पडला, आणि त्याच निवडणुकीत गरिबांची भाषा बोलणाऱ्या एका माजी पाद्र्याने, कुठल्याच मोठ्या पक्षाचा नसताना, ४१ हजार मतं घेतली. तेव्हापासून डाव्यांनी एक गाठ बांधली की कुणालाही लहान म्हणून बाहेर ठेवायचं नाही.

१९६९ च्या अखेरीस सहा पक्षांनी मिळून ‘उनिदाद पोपुलार’, म्हणजे जनतेची एकजूट, उभी केली. त्यात कम्युनिस्ट आणि समाजवादी हे दोन थोरले. तिसरा रॅडिकल पक्ष, मास्तर आणि सरकारी नोकरांचा, एकेकाळी राज्य केलेला पण उतरणीला लागलेला. मग तीन लहान: ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांतून फुटलेल्या तरुणांचा मापु पक्ष (नावाची अक्षरं जुळवताना त्यांनी जमिनीचाच शब्द साधला), एक स्वतंत्र जनकृती गट, आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्ष. सोशल डेमोक्रॅटिक म्हणजे क्रांतीची भाषा न करता निवडणूक, कायदा आणि युनियन या वाटेने समाजवादाकडे जाऊ म्हणणारे. देशभरात शंभरातलं एखाद-दीड मत त्यांचं. एखाद्या थोरल्या पक्षाच्या एका जिल्ह्याच्या शाखेत मावेल एवढा पक्ष.

उमेदवार ठरवताना प्रत्येकाने आपापला माणूस पुढे केला. कम्युनिस्टांनी तर पाब्लो नेरुदा या नामांकित कवीला उभं केलं होतं. सोशल डेमोक्रॅट आणि जनकृती गट राफाएल तारुद यांच्या मागे होते. शेवटी सगळे मागे सरले आणि आयेंदे एकटा राहिला.

४ सप्टेंबर १९७० ला निकाल लागला. आयेंदेला शंभरात ३६ च्या वर मतं, उजव्यांच्या उमेदवाराला ३५ च्या आसपास. फरक ३९ हजारांचा. आता हिशेब करा. देशात साधारण २९ लाख मतं पडली. शंभरातलं एक मत म्हणजे २९ हजार. शंभरात एक-दीड मत असलेला पक्ष त्या दिवशी बाहेर असता, किंवा पलीकडे उभा असता, तर आयेंदे चौथ्यांदा पडला असता असं म्हणायला जागा आहे. निम्म्याहून जास्त मतं नव्हती म्हणून शेवटचा निर्णय संसदेत झाला. २४ ऑक्टोबरला तिथे १५३ विरुद्ध ३५ मतांनी तो अध्यक्ष ठरला.

मग खातेवाटप. मंत्री पंधरा. समाजवाद्यांकडे गृह आणि परराष्ट्र, कम्युनिस्टांकडे अर्थ आणि कामगार. सोशल डेमोक्रॅटांना दोन खाती मिळाली. एक आरोग्य, आणि दुसरं ‘जमीन व वसाहत’. या दुसऱ्या खात्यावर त्यांचा हुंबर्तो मार्तोनेस बसला. त्याच खात्यात १९५३ पासून आदिवासी कारभाराची कचेरी होती, जिथे मापुचेंच्या पट्ट्यांची दप्तरं असायची. ती कचेरी निघाली तेव्हा तिचा पहिला प्रमुख वेनान्सिओ कोन्युएपान नावाचा मापुचेच होता. तो डावा नव्हता, पण मापुचेंना खात्याची खुर्ची कशी दिसते हे त्याने एकदा दाखवलं होतं.

म्हाताऱ्या बायच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे आहे. लहान भावाच्या हाती चावी येऊ शकते. किंबहुना लहानाच्या हातीच येते, कारण थोरल्यांचं लक्ष पैसा, पोलीस आणि कारखाने यांवर असतं. आदिवासींच्या जमिनीचं खातं थोरल्यांनी आपल्याकडे ठेवलं नाही. ते उरलेलं खातं होतं, असा आमचा समज आहे. आपल्याला जे सर्वस्व वाटतं, ते वाटणीच्या टेबलावर शेवटी उरतं. हे कडू आहे, पण कामाचं आहे.

दुसरं उत्तर एवढं गोड नाही. चावी आली, पण दाराला कुलपं दोन होती. जमीनदाराची जमीन काढून घ्यायचं काम शेतकी खात्याचं. कमाल धारणेचा कायदा आधीच्या सरकारने १९६७ मध्ये केला होता: चांगल्या ओलिताच्या ८० हेक्टरइतक्या मोलाच्या जमिनीवर जे असेल ते सरकार घेऊ शकतं. हे शेतकी खातं मापु पक्षाच्या जाक चोंचोलकडे. मापुचेंचे जुने पट्टे तपासायचं खातं मार्तोनेसकडे. पोलीस गृहखात्याकडे. त्यातून शेतकी कायदा विचारायचा, आज या वाडीवर मजूर म्हणून कोण राबतो? मापुचे विचारायचे, कुंपण घालण्याआधी ही जमीन कुणाची होती? कायद्याच्या प्रश्नाला मापुचेंचं उत्तर बसत नव्हतं, कारण ते वाडीच्या आत नव्हते. त्यांना तर बाहेर हाकललेलं होतं. आपल्याकडे तलाठी म्हणतो जमीन फॉरेस्टची, गार्ड म्हणतो महसूलला विचारा, आणि मधल्या मधे दंडाची पावती आपल्या हातात. तसंच ते.

मापुचेंनी वाट पाहिली नाही. काउतीन प्रांतात सरकार बसायच्या आधीपासूनच ते रात्री जमून तारेचं कुंपण उपटायचे आणि आज्याला आठवत असलेल्या जुन्या हद्दीवर नेऊन रोवायचे. सकाळी जमीनदार उठला की कुंपण शंभर-दोनशे पावलं मागे गेलेलं. त्यांनी या कामाला ‘कुंपण पळवणं’ असं नावच दिलं होतं. जमीनदारांनीही बंदुका काढल्या. रक्त सांडलं.

सरकारपुढे पेच पडला. आपलीच माणसं, आपल्याच मतदारांनी कुंपणं उपटलेली, आणि पेपरवाले ओरडतायत की कायदा कुठे आहे. १९७० च्या डिसेंबरात तेमुको गावी मापुचेंचं मोठं संमेलन भरलं. तिथे आयेंदे स्वतः गेला आणि मापुचेंनी आपल्या हाताने तयार केलेला कायद्याचा मसुदा त्याच्याकडे दिला. जानेवारी १९७१ मध्ये चोंचोलने शेतकी मंत्रालयच राजधानीतून उचललं आणि साडेसहाशे किलोमीटरहून जास्त लांब, त्याच तेमुकोत नेऊन काही आठवडे चालवलं. विचार करा, मुंबईचा वनमंत्री सचिव आणि कारकुनांसकट महिनाभर आपल्या तालुक्याच्या गावी येऊन बसलाय, आणि आपण पावत्या घेऊन रांगेत उभे आहोत! मंत्री तिथे आला कारण कुंपणं हलली होती. त्या भागातल्या वाड्या भराभर सरकारने घेतल्या. आयेंदेच्या तीन वर्षांत देशभरात साडेचार हजारांच्या आसपास वाड्या घेतल्या गेल्या. मापुचेंना पहिल्यांदा वाटलं की सरकार नावाच्या गोष्टीला कानही असतात.

पण मसुद्याचं काय झालं? डिसेंबर १९७० ला दिलेला कागद कायदा होऊन बाहेर पडला सप्टेंबर १९७२ मध्ये. एकवीस महिने. कारण संसदेत आघाडीचं बहुमत नव्हतं, आणि जमीनदारांचे आजे-पणजे जिथे बसायचे तिथेच त्यांचे नातू बसलेले होते. घासाघीस होऊन जो कायदा निघाला त्याचा क्रमांक १७७२९. सामाईक पट्टे सहज फोडता येऊ नयेत आणि हडपलेली जमीन परत मिळवायला वाट असावी, अशा काही चांगल्या गोष्टी त्यात राहिल्या. पण त्याला राबवायला किती वेळ मिळाला? एक वर्षसुद्धा नाही.

आणि लहान पक्षाचं काय झालं? ज्या वर्षी कायदा झाला त्याच १९७२ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष रॅडिकल पक्षात विरघळला. म्हणजे जे दोन शब्द मापुचेंना दिले असतील, ते पाळायला तो पक्षच उरला नाही. रॅडिकल पक्ष तर स्वतःच तुटत होता. १९६९ मध्ये त्याचा उजवा तुकडा निघून पलीकडे गेला. १९७१ च्या ऑगस्टमध्ये आणखी एक तुकडा पडला. तो तुकडा आधी आघाडीतच राहिला, मग १९७२ च्या एप्रिलमध्ये मंत्र्यांसह बाहेर पडला आणि पुढच्या निवडणुकीत विरोधकांच्या मांडीवर जाऊन बसला. १९६९ मध्ये शंभरात १३ मतं घेणारा रॅडिकल पक्ष १९७३ च्या मार्चमध्ये चारच्या खाली आला. शेवटचे फुटले ते कोणते कारखाने सरकारने घ्यायचे आणि कोणते नाही, या भांडणावर. मापुचेंच्या जमिनीसाठी आघाडी सोडीन, किंवा त्या जमिनीसाठी आघाडीत अडून बसेन, असं कुठल्याही पक्षाने, लहान वा थोर, म्हटल्याचं आमच्या वाचनात आलं नाही.

आमच्या मते या हकीकतीचं मर्म इथे आहे. लहान पक्ष कमजोर होता म्हणून बिघडलं, असं आम्हाला वाटत नाही. ३९ हजारांच्या फरकात तो कमजोर नव्हताच. त्याची ताकद होती ‘आम्ही उठलो तर सगळं पडेल’ ही. ती त्याने मंत्रिपदं मिळवायला वापरली, मापुचेंसाठी वापरली नाही. आणि मापुचेंनी तसं काही लिहून घेतलेलं नव्हतं. त्यांनी आपला कागद थेट अध्यक्षाच्या हाती दिला. तो मनाने मोठा होता, पण ज्याच्या टेबलावरून तो कागद पुढे जायचा, त्याच्याशी त्यांचा करार कुठे होता?

११ सप्टेंबर १९७३ ला फौजेने सरकार पाडलं. आयेंदे राष्ट्रपती भवनातच मेला. त्यानंतर दक्षिणेत जे झालं ते सांगवत नाही. कुंपण पळवणाऱ्यांची नावं जमीनदारांकडे आधीच लिहिलेली होती. घेतलेल्या वाड्यांतल्या बऱ्याच जुन्या मालकांना परत गेल्या. १९७४ मध्ये फौजी सरकारने झाडं लावणाऱ्याला सरकारी पैसा देणारा हुकूम काढला, आणि कंपन्यांनी डोंगरच्या डोंगर पाइन आणि निलगिरीने भरून टाकले. निलगिरीच्या खाली गवत राहत नाही आणि झऱ्याला पाणी राहत नाही, हे आपल्याला काय सांगायचं!

मग १९७९ चा हुकूम, क्रमांक २५६८. त्यात होतं की सामाईक पट्ट्यातल्या एका माणसाने जरी अर्ज केला, तरी सगळ्या पट्ट्याचे तुकडे पडतील. एकाच माणसाने! आणि मुळात त्यात असंही लिहिलेलं होतं की तुकडे पडले की ती जमीन आदिवासींची म्हणायची नाही, आणि तिच्यावर राहणाऱ्यांनाही आदिवासी म्हणायचं नाही. कलमाच्या एका फटकाऱ्यात जमीनही गेली आणि जातही. पुढच्या दहा वर्षांत बहुतेक सामाईक पट्टे फुटले. काहींनी आनंदाने घेतले, हेही खरं सांगायला हवं. आपल्या नावाचा स्वतंत्र कागद कुणाला नको असतो? पण घरात चार पोरं असली की एक-दोन हेक्टरच्या तुकड्याचं काय होतं ते मापुचे आता पाहतायत.

१९८९ मध्ये, १४ डिसेंबरला, तिथे पुन्हा निवडणूक झाली आणि फौजी हुकूमशहाच्या बाजूचा उमेदवार पडला. सतरा पक्षांच्या आघाडीचा पात्रिसिओ आयल्विन निवडून आला. १९७३ मध्ये तो आयेंदेच्या विरोधातल्या मोठ्या पक्षाचा अध्यक्ष होता. त्या वेळच्या आघाडीत रॅडिकलही होते, सोशल डेमोक्रॅट नावाचेही होते. कम्युनिस्ट बाहेर होते. पण एक गोष्ट त्या वेळी निराळी झाली. मतदानाच्या तेरा दिवस आधी, १ डिसेंबरला, मापुचे आणि इतर आदिवासींच्या संघटनांनी नुएवा इम्पेरिआल या गावी उमेदवाराला बोलावलं आणि समोर बसवून करारावर सही घेतली. घटनेत आदिवासींना मान्यता, नवा कायदा, आणि तो तयार करायच्या मंडळात आदिवासींची माणसं, हे त्याने कबूल केलं. बदल्यात संघटनांनी आपल्या मागण्या सरकारने नेमलेल्या वाटेनेच मांडायचं कबूल केलं. म्हणजे कुंपण पळवायचं नाही. हा सौदा बरा की वाईट, हे काळच सांगेल. कुंपणाचा हक्क सोडून देणं आम्हाला जड वाटतं. पण सही मतदानाच्या आधी, आपल्या गावात, समोरासमोर घेतली, हे मात्र घेण्यासारखं आहे.

आता आपल्याकडे या. १९७८ मध्ये महाराष्ट्रात अनेक पक्षांचं मिळून पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार होतं. समाजवादी त्यात जनता पक्षाच्या आत होते, शेतकरी कामगार पक्षही होता. त्याच वर्षी २७ डिसेंबरला सरकारी ठराव निघाला की ३१ मार्च १९७८ रोजी जे सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण शेतीसाठी कसत होते, ते नियमात बसवायचं. फॉरेस्ट प्लॉटवाल्यांना एक तारीख मिळाली, हातात धरायला एक दोरी मिळाली. मोर्चे निघाले म्हणून ती मिळाली, आणि त्या वेळच्या सरकारात मोर्च्याची भाषा कळणारी चार माणसं होती म्हणूनही मिळाली. दोन्ही खरं आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये ते सरकार बरखास्त झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीने वनसंरक्षण कायदा आणला, आणि तेव्हापासून मोजणी मागायला गेलं की उत्तर मिळायचं, केंद्राची परवानगी लागेल. सरकार येऊन गेलं, पक्ष फुटले, जुळले, नावं बदलली. ठराव मात्र बराच काळ कागदावरच राहिला. आणि तो कागद कुठल्याही पक्षाच्या पेटीत नाही. तो तुमच्या-आमच्या घरात, आढ्याला टांगलेल्या पिशवीत, दंडाच्या पावत्यांसोबत आहे.

म्हणून आमचं मत असं बनलंय. मोठ्या पक्षाला मत देऊन रस्ता मागण्यात अर्थ नाही. रस्त्याने पहिल्यांदा गाडी येते ती फॉरेस्टचीच. बहिष्काराने आपण मोजले जात नाही, आणि फरक थोडा असेल तेव्हाच तर आपली मोजदाद होते. आघाडीतल्या लहान पक्षाला पाठिंबा द्यावा, पण चांगला माणूस आहे म्हणून नव्हे. चांगुलपणावर आम्ही एकदा भुललो आहोत. मागच्या निवडणुकीत सभेतल्या टाळ्या ऐकून आम्हीच या पत्रकात लिहिलं होतं की हा आपला माणूस. निवडून आल्यावर तो माणूस पाड्यावर दोनदा आला, दोन्ही वेळा लग्नाला. त्यात त्याच्याइतकीच आमचीही चूक आहे. आम्ही त्याच्याकडून काही लिहून घेतलं नव्हतं.

यावेळी लिहून घ्यायचं. आणि नुसतं ‘आदिवासींच्या प्रश्नाकडे लक्ष देऊ’ असं नव्हे. तसं तर सगळेच लिहून देतात. आघाडीच्या जाहीरनाम्यात ३१ मार्च १९७८ ची तारीख छापून यायला हवी. पुराव्यात नुसती दंडाची पावती धरू नये, म्हाताऱ्या माणसांची साक्ष आणि जागेवरचा पंचनामाही धरावा. कारण ज्याने गार्डला पावती न घेताच कोंबडी दिली, त्याचा प्लॉट काय कमी जुना आहे? कागदावर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव चढावं. गुरचरण आणि गावदेवीचं रान गावाच्या नावाने सामाईक राहावं, कुणा एकाच्या अर्जाने त्याचे तुकडे पडू नयेत. मापुचेंचं ऐकल्यावर हे शेवटचं आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, जरी आज आपल्यातल्या बऱ्याच जणांना फक्त आपापल्या प्लॉटची घाई आहे.

आणि एक प्रश्न त्या दोघा कार्यकर्त्यांना, सगळ्यांसमोर विचारायचा. आघाडी सत्तेत आली, तुम्हाला खातं मिळालं, आणि त्याच सरकारचा बंदोबस्त आमचे प्लॉट उठवायला आला, तर तुम्ही काय कराल? आघाडीत राहून आमच्याबरोबर प्लॉटवर उभे राहाल, का मुंबईत बसून निवेदन काढाल? कोणत्या गोष्टीवर तुम्ही आघाडी सोडाल? याचं उत्तर त्यांच्या पक्षाने ठरवून, सहीने द्यावं. ‘विचारून सांगतो’ म्हणाले तरी चालेल. पण मतदानाच्या आधी सांगावं. आघाडीची सत्ता आली नाही तर विधानसभेत किती प्रश्न विचाराल, तेही सांगावं.

आपल्याकडूनही एक बंधन पाळायचं. पाठिंबा दिला तरी संघटनेचा बावटा वेगळा राहील. पाड्यावर पक्षाच्या सभासदत्वाच्या पावत्या फाडायला संघटनेचे कार्यकर्ते जाणार नाहीत. तो पक्ष उद्या दुसऱ्या पक्षात विरघळला, फुटला, नाव बदललं, तर आपण त्याच्याबरोबर विरघळायला नको.

आमच्यातच याबद्दल एकमत नाही, हे लपवत नाही. दोघांचं म्हणणं आहे की अटी एवढ्या कडक घातल्या तर लहान पक्ष घाबरून पळेल आणि मोठ्याचं फावेल. एकाचं म्हणणं आहे की उलट बायांच्या नावाची अट आणखी वर, पहिली घालावी. ज्या बायने चावीचा प्रश्न विचारला तिला आम्ही ही सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून म्हणाली, “म्हंजे चावी कुणाच्याबी हातात असो, कुंपण कुठं हाय ते आपल्याला म्हाईत पायजे.” पुढे म्हणाली, मत देईन, पण आधी त्याला माझा प्लॉट बघायला आण, चालत.

तेव्हा येत्या बाजाराच्या दिवशी, बाजार उठल्यावर, नेहमीच्या वडाखाली सर्व पाड्यांची मिळून सभा आहे. प्रत्येक पाड्यावरून निदान पाच माणसं यावीत, त्यातल्या दोन बाया. अटींचा मसुदा तिथे मोठ्याने वाचून दाखवू, बदल सुचवा, मग अंगठे आणि सह्या घेऊ. पक्षाच्या कार्यकर्त्यांना त्याच दिवशी बोलावलंय. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, एकसालीचे कागद जे असेल ते आणा. त्यांची यादी करायची आहे. मात्र मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. निवडणुकीच्या दिवसांत ‘नाव लावून देतो’ म्हणून कागद गोळा करणारे फिरतायत. यादी करताना पावती तुमच्याच हातात राहील, आमच्यासुद्धा नाही.